नेब्रास्का फुटबॉल : पुन्हा उभारी धरण्याची आशा कितपत खरी?

लिंकनवासी

अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने २०२४ आणि २०२५ या दोन्ही हंगामांत सात विजय आणि सहा पराभव अशीच मजल मारली. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाने यावर समाधान मानले असते. पण ज्या संघाने १९६२ पासून २००१ पर्यंत सलग चाळीस हंगामांत पराभवांपेक्षा विजय जास्त नोंदवले आणि १९७०, १९७१, १९९४, १९९५ व १९९७ अशी पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली, त्या संघाच्या गावात 'सात-सहा' हे शब्द लोक खालच्या आवाजात उच्चारतात. हा संघ पुन्हा उभा राहील का, आणि राहील असे वाटत असेल तर ते नेमके कशाच्या जोरावर, याची चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना हा विषय परका आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. नेब्रास्का हे जेमतेम वीस लाख वस्तीचे, मक्याच्या शेतांचे राज्य आहे. येथे फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉलचा पहिल्या दर्जाचा एकही व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे सगळ्या राज्याचा जीव विद्यापीठाच्या संघात गुंतलेला असतो. विद्यापीठाचे गाव असलेल्या लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये पंचाऐंशी हजारांच्या आसपास माणसे बसतात. सामन्याच्या दिवशी हे मैदान ओमाहा आणि लिंकन यांच्या खालोखाल राज्यातले तिसरे मोठे शहर होते, असे येथे अभिमानाने सांगितले जाते आणि ते हिशेबाने खरेही आहे. ३ नोव्हेंबर १९६२ रोजी मिसूरीविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे खपली, तेव्हापासून घरच्या मैदानावर तिकिटे शिल्लक राहिल्याची नोंद नाही. (अलीकडे उरलीसुरली तिकिटे देणगीदार उचलतात आणि परंपरा राखली जाते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.)

घसरण कधी सुरू झाली याबद्दल मतभेद आहेत, पण माझ्या मते ती मैदानावर सुरू झालीच नाही. ती कार्यालयात सुरू झाली. टॉम ऑस्बॉर्न १९९७ च्या अजिंक्यपदानंतर निवृत्त झाले आणि त्यांचे सहकारी फ्रँक सोलिच मुख्य प्रशिक्षक झाले. सोलिच यांच्या काळात संघाने १९९९ मध्ये विभागीय, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातले, अजिंक्यपद मिळवले, जे आजतागायत शेवटचे ठरले आहे. २००३ मध्ये संघ नऊ सामने जिंकून तीन हरलेला असताना तत्कालीन क्रीडा संचालक स्टीव्ह पीडरसन यांनी सोलिच यांना काढून टाकले, कारण त्यांना संघ सामान्यांच्या रांगेत जाऊन बसताना पाहायचा नव्हता. त्यांच्या जागी आलेल्या बिल कॅलाहन यांच्या पहिल्याच वर्षी, २००४ मध्ये, संघाने १९६१ नंतर प्रथमच विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला हंगाम पाहिला आणि सलग पस्तीस वर्षे बाउल सामना (हंगामाअखेरीस चांगल्या संघांना मिळणारा निमंत्रणाचा सामना) खेळण्याची परंपरा खंडित झाली. कॅलाहन गेले, बो पेलिनी आले. पेलिनी यांनी सात हंगामांत एकदाही नऊपेक्षा कमी विजय मिळवले नाहीत. त्यांनाही २०१४ मध्ये नऊ विजय आणि तीन पराभव अशा स्थितीत घरी पाठवण्यात आले. पुढे माइक रायली यांचे तीन हंगाम झाले आणि त्यांचा ताळेबंद एकोणीस विजय, एकोणीस पराभव असा बरोबर शून्यावर आला.

मग आले स्कॉट फ्रॉस्ट. याच राज्यातला मुलगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) आणि २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला एकही सामना न हरता हंगाम पार पाडून देणारा प्रशिक्षक. त्यांच्या नियुक्तीच्या वेळी लिंकनमध्ये जो आनंद झाला, तो पाहून वाटले की आता काही करायचे उरलेलेच नाही. त्यांच्या कारकिर्दीत संघ सोळा सामने जिंकला आणि एकतीस हरला.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे की नेब्रास्काने गेली वीस वर्षे प्रत्येक वेळी आशा एका माणसावर ठेवली, आणि तीही अशा माणसावर ज्याला पाहून जुने दिवस आठवतील. उभारीची आशा धरायचीच असेल तर ती क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या आक्रमण फळीच्या पाच धिप्पाड मुलांवर, चेंडू न गमावण्यावर आणि चौथ्या सत्रातल्या शेवटच्या चार मिनिटांवर धरावी. सध्याचे प्रशिक्षक मॅट रूल यांच्याबद्दल मला आदर आहे, पण उद्धारकर्ता म्हणून त्यांच्याकडे पाहू नये.

कोथरूडकर

लिंकनवासी, धागा वेळेवर आला. माझी मुलगी येत्या ऑगस्टमध्ये तुमच्या विद्यापीठात एम. एस. साठी येत आहे, म्हणून मी गेले काही दिवस त्या गावाची माहिती काढत बसलो आहे आणि जेथे जावे तेथे लाल टोपी घातलेली माणसे दिसत आहेत. माझ्या शंका प्राथमिक आहेत, त्या सांभाळून घ्याव्यात. पहिली अशी की मैदान भरलेले आहे, पैसा भरपूर आहे, मग चांगले खेळाडू मिळवण्यात अडचण काय? दुसरी अशी की विद्यार्थी खेळाडूंना आता उघडपणे पैसे मिळतात असे वाचले. हे व्यावसायिक लीगपेक्षा वेगळे कसे?

लिंकनवासी

कोथरूडकर, शंका प्राथमिक नाहीत. सगळे राज्य हेच दोन प्रश्न विचारत आहे.

पैशाचे आधी सांगतो. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठांना स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. पहिल्या वर्षासाठी (२०२५-२६) त्याची कमाल मर्यादा एका विद्यापीठामागे सर्व खेळ मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलर होती. नेब्रास्का २०११ पासून बिग टेन या विभागात आहे आणि या विभागाचा २०२३ पासूनचा दूरचित्रवाणीचा करार सात वर्षांसाठी सातशे कोटी डॉलरपेक्षा मोठा आहे, तेव्हा पैशाची चणचण नाही. मात्र तोच पैसा ओहायो स्टेटला आणि मिशिगनलाही मिळतो, आणि नव्याने आलेल्या ऑरेगनलाही त्यातला वाटा आहे. पूर्वी नेब्रास्काकडे जे होते ते इतरांकडे नव्हते. १९६९ मध्ये बॉइड एप्ली या माणसाला केवळ खेळाडूंच्या बळवर्धनासाठी नेमण्यात आले आणि लिंकनची व्यायामशाळा देशात नावाजली गेली. आज तशी व्यायामशाळा प्रत्येक विद्यापीठात आहे.

व्यावसायिक लीगपेक्षा फरक असा की येथे बांधून ठेवणारा करार जवळजवळ नाही. ट्रान्सफर पोर्टल नावाची सोय २०१८ पासून आहे. खेळाडू त्यात नाव नोंदवतो आणि दुसऱ्या विद्यापीठात निघून जातो. डिलन रायोला हा क्वार्टरबॅक २०२४ मध्ये आला तेव्हा त्याचे वडील याच संघातून खेळले होते, काका प्रशिक्षकांत होते, आणि लोकांनी त्याच्यात पुढची चार वर्षे पाहिली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) संघाविरुद्ध त्याच्या पायाचे हाड मोडले आणि हंगाम संपताच तो संघ सोडून गेला. मी त्याला दोष देत नाही. ज्या फळीने त्याला वाचवायचे होते ती त्याला वाचवू शकत नव्हती, हे दोन हंगाम सर्वांना दिसत होते.

देमॉइनकर

मी शेजारच्या आयोवात राहतो आणि आयोवा विद्यापीठाच्या संघाचा समर्थक आहे, त्यामुळे माझे म्हणणे थोडे सावधपणे वाचावे. पण शेवटच्या चार मिनिटांचा मुद्दा निघालाच आहे तर आमच्याकडचा जमाखर्च मांडतो.

आयोवा आणि नेब्रास्का यांचा सामना थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी होतो. २०१८ मध्ये आम्ही वेळ संपता संपता फील्ड गोल (खांबांमधून किक मारून मिळणारे तीन गुण) मारून ३१-२८ जिंकलो. २०१९ मध्ये एक सेकंद उरलेला असताना फील्ड गोल मारून २७-२४ जिंकलो. २०२३ मध्ये लिंकनला अगदी अखेरच्या क्षणी १३-१०. आणि २०२४ मध्ये आमच्या आयोवा सिटीला पुन्हा १३-१०. या शेवटच्या सामन्याचा शेवट मला पाठ आहे : दहा-दहा अशी बरोबरी, चेंडू नेब्रास्काकडे, घड्याळात अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ. नेब्रास्काने काहीच केले नसते तरी सामना जादा वेळेत गेला असता. आमचा बचावपटू कडेने आत शिरला, रायोलाचा हात मागे गेलेला असतानाच चेंडू सुटला, आम्ही तो उचलला आणि त्रेपन्न यार्डांवरून किक खांबांमधून गेली. आमच्या संघाला त्या दिवशी धड आक्रमण करता आले नव्हते, हे मी आमच्या बाजूचा असूनही सांगतो.

२०२५ मध्ये मात्र लिंकनला ४०-१६ असा निकाल लागला, आणि मला तो या सगळ्यांपेक्षा अधिक बोलका वाटतो. एका गुणाने, तीन गुणांनी हरणारा संघ 'थोडक्यात हुकले' असे म्हणू शकतो. चोवीस गुणांनी हरणाऱ्याला तसे म्हणता येत नाही. आमचे प्रशिक्षक कर्क फेरेन्झ १९९९ पासून त्याच जागेवर आहेत. लिंकनमध्ये त्याच काळात किती नावे आली आणि गेली ते वर धागाकर्त्यांनी लिहिलेच आहे.

शिकागोकर

धागाकर्त्यांचे निदान मला अर्धेच पटते. सतत प्रशिक्षक बदलल्याने नुकसान झाले हे खरे. पण त्यावरून 'आता धीर धरा' असा निष्कर्ष काढला जात असेल तर तो धोक्याचा आहे.

इंडियाना विद्यापीठाकडे पाहा. तोवर देशात सर्वाधिक पराभव नावावर असलेला संघ, ज्याच्याकडे फुटबॉलची परंपरा अशी काही नव्हती. २०२३ च्या अखेरीस त्यांनी कर्ट सिग्नेटी यांना आणले. सिग्नेटी यांनी आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून डझनभर खेळाडू सोबत आणले, पोर्टलमधून वयाने मोठे, अनुभवी खेळाडू निवडले, आणि पहिल्याच वर्षी अकरा विजय मिळवून प्लेऑफ (राष्ट्रीय अजिंक्यपदाची बाद फेरी) गाठली. १९ ऑक्टोबर २०२४ रोजी पाच विजय आणि एक पराभव अशा तोऱ्यात नेब्रास्का त्यांच्याकडे गेली आणि ५६-७ अशी चिरडली गेली. दुसऱ्या वर्षी इंडियानाने एकही सामना न गमावता राष्ट्रीय अजिंक्यपद घेतले. दोन वर्षांत हे झाले, आणि येथे आपण चौथ्या वर्षी 'पाया घातला जात आहे' असे ऐकतो आहोत.

रूल यांच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद केला जातो की त्यांचे संघ तिसऱ्या वर्षी झेप घेतात. टेंपलमध्ये २-१०, ६-६ आणि मग १०-४. बेलरमध्ये १-११, ७-६ आणि मग ११-३. नेब्रास्कात ५-७, ७-६ आणि मग पुन्हा ७-६. तिसरे वर्ष येऊन गेले. हंगाम चालू असतानाच, ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस, त्यांचा करार २०३२ पर्यंत वाढवण्यात आला आणि त्यानंतरच्या पाच सामन्यांपैकी चार संघाने गमावले. मूळ करारच आठ वर्षांचा आणि ७.४ कोटी डॉलरचा होता. धीर धरण्याची किंमत एवढी असेल तर ती कोणत्या हिशेबाने मोजायची हे तरी ठरले पाहिजे.

वऱ्हाडी

मी ऑस्टिनला राहतो, त्यामुळे टेक्ससच्या बाजूने एक गोष्ट सांगतो जी वरच्या चर्चेत आलेली नाही. १९९६ मध्ये बिग ट्वेल्व्ह हा विभाग झाला तेव्हा टेक्ससची विद्यापीठे आणि नेब्रास्का एकाच छत्राखाली आली. त्या काळात येथल्या शाळकरी खेळाडूच्या आईवडिलांना सांगता येत असे की मुलगा लिंकनला शिकला तरी वर्षातून एखाददुसरा सामना घरापासून गाडीने जाता येईल इतक्या अंतरावर असेल. २०११ मध्ये नेब्रास्का बिग टेनमध्ये गेली आणि हे बोलणे संपले. पैशाच्या दृष्टीने तो निर्णय शहाणपणाचा होता यात शंका नाही, पण ज्या राज्यात शुक्रवारी रात्री शाळेच्या सामन्याला सगळे गाव लोटते त्या राज्याशी असलेले नाते त्यांनी सोडून दिले. ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया येथे त्यांना बोलावणारे कोणी नव्हते. तेथे आधीच प्रस्थापित बसलेले होते.

इंडियानाचे उदाहरण वाचून मला आपला विदर्भ आठवला. रणजी करंडकात विदर्भाला कोणी हिशेबात धरत नसे. २०१७-१८ च्या हंगामात चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, फैज फझलच्या नेतृत्वाखाली स्थानिक मुले होती, सोबत मुंबईहून आलेला वसिम जाफर होता, आणि त्याच वर्षी करंडक आला. पुढच्या वर्षी पुन्हा आला. बाहेरचा अनुभवी खेळाडू आणि घरची तयार मुले यांचे प्रमाण जमले की परंपरा नसलेला संघही जिंकतो. उलट मुंबईसारख्या बेचाळीस करंडकांच्या संघालाही २०१५-१६ नंतरच्या पुढच्या विजेतेपदासाठी २०२३-२४ पर्यंत थांबावे लागले. नेब्रास्काच्या लोकांनी इंडियानाकडे पाहून चिडण्यापेक्षा हे प्रमाण त्यांनी कसे जमवले ते पाहावे.

कोथरूडकर

वऱ्हाडी, विदर्भाच्या उल्लेखाने पोर्टल म्हणजे काय ते एका क्षणात कळले. धन्यवाद.

ओमाहाची सून

मी बराच काळ केवळ वाचत होते, पण 'घरची तयार मुले' हे शब्द वाचून लिहावेसे वाटले, कारण नेब्रास्काची खरी ओळख तेथेच आहे आणि चर्चेत ती बाजूला पडली आहे.

येथे 'वॉक-ऑन' नावाची परंपरा आहे. शिष्यवृत्ती मिळालेले खेळाडू पूर्वी पंच्याऐंशीच असत. त्यांच्याखेरीज राज्यातल्या लहान गावांमधली मुले स्वखर्चाने विद्यापीठात येत, संघात सरावाला उभी राहत, आणि दोन-तीन वर्षे अंग मोडून काम केल्यावर एखादा मुलगा मैदानात उतरत असे. ऑस्बॉर्न यांच्या काळात अशा मुलांनी सरावाचे मैदान भरून जाई. जवळच्याच गावातल्या, आमच्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबात असा मुलगा आहे. त्याच्या आईने मला एकदा फ्रीजवर चिकटवलेला कागद दाखवला : पहाटे साडेपाचला व्यायामशाळा, मग वर्ग, मग सराव, मग चित्रफिती पाहणे, रात्री दहाला अंथरूण. त्या मुलाला सामन्यात उतरण्याची संधी मिळाली नव्हती आणि मिळेल याची खात्रीही नव्हती, तरी त्या कागदाखाली लाल जर्सीतला त्याचा फोटो चुंबकाने लावलेला होता.

२०२५ च्या तडजोडीने संघात एकशे पाचच खेळाडू ठेवण्याची मर्यादा घातली. शिष्यवृत्ती सगळ्या एकशे पाच जणांना देता येते हे चांगले झाले, पण त्या मर्यादेबाहेरच्या मुलांना नव्याने दार उघडणे अवघड झाले. दुसऱ्या विद्यापीठांना याने फारसा फरक पडला नसेल. नेब्रास्काला पडला, कारण वीस लाखांच्या राज्यात जन्मजात तारे मोजकेच निघतात आणि बाकीचे घडवावे लागतात. शिकागोकर म्हणतात तशी बाहेरून तयार माणसे आणता येतील, आणावीतही. पण ती माणसे जुलैच्या उन्हात कोणाशेजारी धावणार, हा प्रश्न उरतोच.

जाता जाता एक गोष्ट नोंदवते. याच मेमोरियल स्टेडियममध्ये ३० ऑगस्ट २०२३ रोजी मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्याला ९२,००३ प्रेक्षक आले होते. तो संघ जिंकतो आणि लोक त्याच्यावर जीव टाकतात. तेव्हा या राज्याला फक्त जुन्या आठवणी हव्या आहेत असे कोणी समजू नये.

शिकागोकर

ओमाहाची सून, तुमचा मुद्दा मनाला भिडला, पण व्हॉलीबॉलचे उदाहरण माझ्याच बाजूने जाते. तेथे जॉन कुक यांनी पंचवीस वर्षे संघ सांभाळला, कारण ते जिंकत होते. जिंकणाऱ्याला मुदत आपोआप मिळते.

आणि थोडक्यात हरण्याबद्दल. २०२१ मध्ये फ्रॉस्ट यांचा संघ नऊ सामने हरला आणि त्यांतला प्रत्येक सामना नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी हरला. तेव्हा सगळे म्हणाले की पुढच्या वर्षी नशीब पालटेल. पुढच्या वर्षीचा पहिला सामना डब्लिनला नॉर्थवेस्टर्नशी होता. २८-१७ अशी आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी ऑनसाइड किकचा (चेंडू आपल्याच हाती परत यावा म्हणून मारलेल्या आखूड किकचा) जुगार खेळला, चेंडू नॉर्थवेस्टर्नच्या हाती गेला, आणि सामना ३१-२८ असा गेला. नॉर्थवेस्टर्नचा त्या संपूर्ण हंगामातला तो एकमेव विजय होता. आमच्या शिकागोत त्याचा आनंद अजून साजरा होतो. त्यामुळे थोडक्यात हरणे हा नशिबाचा भाग आहे की सवयीचा, यावर माझे मत झालेले आहे.

लिंकनवासी

सवयीचा, हे मलाही मान्य आहे. आणि म्हणूनच मी धाग्याच्या सुरुवातीला शेवटच्या चार मिनिटांचा उल्लेख केला. २०२३ मध्ये बाउल सामन्यासाठी एकच विजय हवा असताना हा संघ शेवटचे चारही सामने सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरला, आणि त्या हंगामात देशात सर्वाधिक वेळा चेंडू गमावणाऱ्या संघांत तो होता. फरक पडतच नाही असेही नाही. २०२४ मध्ये विस्कॉन्सिनला ४४-२५ असे हरवून २०१६ नंतर प्रथमच बाउल सामना गाठला आणि न्यूयॉर्कला बॉस्टन कॉलेजला २०-१५ असे नमवले. २०२५ मध्ये सिनसिनाटी, मेरीलँड, नॉर्थवेस्टर्न आणि यूसीएलए यांच्याविरुद्धचे अटीतटीचे सामने जिंकले. फ्रॉस्ट यांच्या काळात हे चारही गेले असते. मात्र २०१६ मध्ये ऑरेगनला हरवल्यापासून देशातल्या पहिल्या पंचवीस संघांच्या क्रमवारीतल्या एकाही संघावर विजय मिळालेला नाही, हा डाग पुसला गेलेला नाही.

शिकागोकरांच्या मुख्य आक्षेपाला उत्तर देतो. झटपट उभारीचे उदाहरण शोधायला इंडियानापर्यंत जायची गरज नाही. १९६१ मध्ये नेब्रास्काने तीन सामने जिंकले होते. १९६२ मध्ये वायोमिंगहून बॉब डेव्हेनी आले आणि त्याच वर्षी संघाने नऊ सामने जिंकले. तिकिटे संपण्याची परंपरा त्याच शरद ऋतूत सुरू झाली, हा योगायोग नव्हे. तेव्हा प्रशिक्षकाने फरक पडत नाही असे मी म्हणूच शकत नाही.

पण गोष्ट तेथे संपली नाही. १९६७ आणि १९६८ मध्ये डेव्हेनी यांच्या संघाची कामगिरी सहा विजय, चार पराभव अशी झाली. १९६८ मध्ये तर घरच्या मैदानावर कॅन्सस स्टेटने त्यांना १२-० असे हरवले. डेव्हेनी यांना हाकला अशी मागणी होऊ लागली. त्यांना हाकलले गेले नाही. त्यांनी आपल्या तरुण सहाय्यकाकडे, म्हणजे ऑस्बॉर्न यांच्याकडे, आक्रमणाची फेरआखणी सोपवली, आणि १९७० व १९७१ ची अजिंक्यपदे आली. पुढे ऑस्बॉर्न स्वतः मुख्य प्रशिक्षक झाल्यावर ओक्लाहोमाला पहिल्यांदा हरवायला त्यांना १९७८ पर्यंत वाट पाहावी लागली आणि पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद बाविसाव्या हंगामात, १९९४ मध्ये मिळाले. आजच्या नियमाने ते सहाव्या वर्षी घरी बसले असते.

म्हणून मी धीर मागतो तो आंधळा नाही. १९६८ मध्ये डेव्हेनी टिकले कारण त्यांनी आपले काम करण्याची पद्धत बदलली. रूल यांनीही यंदा बचावाचे समन्वयक बदलले आहेत आणि आक्रमण फळीचे प्रशिक्षकही बदलले आहेत. क्वार्टरबॅक तर गेलाच आहे. हे बदल अस्वस्थतेतून झाले की विचारातून, ते सप्टेंबरमध्ये कळेल. घाईची किंमत आम्ही मोजलेली आहे : फ्रॉस्ट यांना सप्टेंबर २०२२ मध्ये काढले तेव्हा दीड कोटी डॉलर द्यावे लागले, १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर ती रक्कम निम्मी झाली असती. तीन आठवड्यांची घाई पंचाहत्तर लाखांना पडली. (अर्थात त्या संध्याकाळी जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ असे हरल्यावर मैदानातून बाहेर पडणाऱ्या कोणालाही ती रक्कम जास्त वाटली नव्हती.)

माझी मोजपट्टी साधी आहे. बचाव फळीने धावून येणाऱ्यांना मधल्या पट्ट्यात अडवले पाहिजे, कारण गेल्या हंगामात मिनेसोटापासून पेन स्टेटपर्यंत सर्वांनी तेथूनच मार्ग काढला. क्वार्टरबॅकला चेंडू टाकायला तीन सेकंद मिळाले पाहिजेत. क्रमवारीतला एक संघ हरला पाहिजे, कोणताही चालेल. एवढे झाले तर आठ-नऊ विजय येतील आणि मी समाधानी असेन. यातले काहीच झाले नाही तर शिकागोकरांच्या बाजूने मत द्यायला मीच पहिला येईन.

देमॉइनकर

क्रमवारीतला कोणताही संघ चालेल, पण यंदाचा शुक्रवारचा सामना आमच्या आयोवा सिटीला आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

वऱ्हाडी

तीन सेकंदांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. फळीतला मुलगा शाळेतून आल्यावर त्याच्या अंगात पुरेशी ताकद यायला दोन-तीन वर्षे लागतात. हे एकच स्थान असे आहे जेथे पोर्टलने वेळ फारसा वाचत नाही, कारण तयार झालेला चांगला लाइनमन कोणी सहसा सोडत नाही. टेक्ससमध्ये अशा मुलांना नवव्या इयत्तेपासून हेरतात. लिंकनने पुन्हा येथे माणसे पाठवायला हवीत. विभाग बदलला म्हणून विमाने बंद झालेली नाहीत.

कोथरूडकर

सर्वांचे आभार. मुलीला हा धागा वाचायला दिला आहे. तिचा प्रश्न असा की विद्यार्थ्यांना तिकीट सहज मिळते का, आणि ज्याला खेळातले काही कळत नाही त्याने पहिला सामना कोणता पाहावा?

लिंकनवासी

विद्यार्थ्यांसाठी वेगळी आसने असतात आणि त्यांची विक्री हंगामाआधीच होते, म्हणून तिने आल्या आल्या चौकशी करावी. पहिला सामना सप्टेंबरमधला, दुबळ्या पाहुण्या संघाविरुद्धचा निवडावा. गर्दी तेवढीच असते आणि नियम समजून घ्यायला उसंत मिळते. दुपारचे ऊन तेव्हा कडक असते, त्यामुळे टोपी लागेल. मैदानात रुन्झा नावाचा पाव मिळतो, त्यात खिमा आणि कोबी असतो; ती शाकाहारी असेल तर आधी पोट भरून जावे. सामना संपल्यावर लगेच उठू नये. पाहुणा संघ मैदान सोडताना येथले लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, जिंकलेले असोत वा हरलेले. गेल्या काही वर्षांत त्या टाळ्या अनेकदा विजेत्यांसाठी वाजल्या आहेत.